मॉसेवाय, घर नंबर चौदा

सभेच्या अध्यक्षा श्रीमती बिर्थे लुंटॉफ्ट, व्यासपीठावरचे नगराध्यक्ष महोदय, हॉल्मस्ट्रप उष्णता सहकारी संस्थेचे संचालक, बॉयलरघरातले माझे सोबती, आणि ज्यांच्या घरी आमचं गरम पाणी जातं ती समोर बसलेली सगळी सभासद मंडळी,

एकतीस वर्षं मी या संस्थेत काढली. आज तुम्ही फुलं दिलीत, माझ्यावर गाणं रचून म्हटलंत. चाल जरा भरकटली, पण भावना पोचली. अध्यक्षांनी सांगितलं, ‘प्रेबेनने गावाला शहाणी यंत्रणा दिली.’ खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. उरलेलं मी सांगतो. कॉफी थोडी निवेल, तेवढं सोसून घ्या.

पूर्वी आपण काय करायचो? थंडी पडली की पंचाऐंशी अंशांचं पाणी सरसकट गावभर सोडायचो. बरीचशी ऊब वाटेत जमिनीलाच मिळायची. मग सिग्नेने, आमच्या तरुण इंजिनिअरने, घरोघरचे मीटर बोलते केले. दर तासाला आकडे यायला लागले. हवामानाचा अंदाज बघून संगणकच ठरवायला लागला, की आज अडुसष्ट अंश पुरेत. पहिल्याच हिवाळ्यात पेंढ्याचे साडेचारशे गठ्ठे कमी जाळले आपण. त्याचा मला आजही अभिमान आहे.

त्याच यंत्रणेत गावाचा नकाशा होता. ज्या घरात खोल्यांच्या रेडिएटरमध्ये ऊब देऊन पाणी चांगलं निवून परत येई, ते घर हिरवं. जे घर गरम आलेलं पाणी तसंच गरम परत पाठवी, ते लाल; त्याच्यापायी बॉयलरला जास्त पेंढा लागे. आणि मी, फार हुशार माणूस, तो नकाशा ग्रंथालयाच्या भिंतीवर मोठ्या पडद्यावर लावला. म्हटलं, लोकांत जरा चढाओढ लागेल!

मॉसेवाय गल्लीत एकच घर लाल होतं. नंबर चौदा. आस्टा राउनकिले, वय एक्क्याऐंशी, एकटी. जुन्या मंडळींना आठवत असेल, ही संस्था काढायची होती तेव्हा सायकलवरून दारोदार फिरून सह्या गोळा करणारी ती हीच. माझ्या आईची सही तिने आमच्या स्वयंपाकघरात घेतली, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो.

शेजारी सोळा नंबरला स्वेन-ओवे. तो पहिल्या रांगेत बसलाय, त्याला विचारूनच बोलतोय मी. त्याचं घर हिरवंगार. तो कुंपणावरून म्हणायचा, ‘काय आस्टा, आज गल्लीला किती ताप दिलास?’ थट्टाच ती. पहिला महिनाभर तीही हसायची.

डिसेंबरात तिचा फोन आला. ‘प्रेबेन, बैठकीतला रेडिएटर बंद केलाय मी. गेला का रे लाल रंग?’

‘नाही आस्टा. अजून आहे.’

पंधरा दिवसांनी पुन्हा. ‘झोपायची खोलीही बंद केली. आता?’

‘लालच आहे. कुठेतरी काहीतरी उघडं राहिलंय बघ.’

जानेवारीत ती म्हणाली, ‘अरे, सगळं बंद आहे. मी स्वयंपाकघरात शेगडीपाशी राहते. मग तुझं गरम पाणी परत पाठवतंय तरी कोण?’

किती साधा प्रश्न! आणि मी काय उत्तर दिलं? ‘आस्टा, माणूस विसरतो, मीटर विसरत नाही.’ हे वाक्य मला इतकं आवडलं, की जेवणाच्या सुट्टीत मी ते दोघातिघांना ऐकवलं. तिचं घर माझ्या कचेरीपासून सायकलवर सात मिनिटं. मी गेलो नाही. कुणाला पाठवलंही नाही.

फेब्रुवारीत स्वेन-ओवेला ती कोट-टोपी घालून स्वयंपाकघरात बसलेली दिसली. बोलताना धाप लागत होती. न्यूमोनिया. हॉस्पिटल झालं, तिथून वृद्धाश्रम. घरी ती परत आलीच नाही. मार्चमध्ये आम्ही तिच्या रिकाम्या घराचं पाणी बंद केलं. दुसऱ्या दिवशी सिग्ने माझ्या टेबलाशी आली.

‘प्रेबेन, चौदा नंबर अजून लाल दिसतोय.’

‘जुने आकडे असतील.’

‘तासाभरापूर्वीचे आहेत. आणि सोळा नंबर कालपासून शून्यावर आहे. स्वेन-ओवेने तर आज सकाळी गरम पाण्याने आंघोळ केलीय. मी विचारून आले.’

मीटर बसवताना दोन घरांचे क्रमांक उलटे लिहिले गेले होते. अक्षर माझं होतं. पाणी न निवताच परत सोडणारी अडकलेली झडप स्वेन-ओवेच्या तळघरात होती. आस्टा जसजशी गारठत गेली, तसतसं त्याचं घर नकाशावर अधिक हिरवं होत गेलं. आम्ही त्याला आदर्श घर म्हणून प्रशस्तिपत्रही दिलं होतं. ते त्याने आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि तो निघून गेला.

मी वृद्धाश्रमात गेलो, चूक कबूल केली. आस्टाने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘गल्लीला सांगितलंस?’

‘सांगतो. वार्षिक सभेत, सगळ्यांसमोर.’

‘सांग बाबा. माझ्यापायी गाव जास्त जाळतंय म्हणून मला दुकानात जायचीसुद्धा लाज वाटायची. सह्या मी गोळा केल्या होत्या ना.’

एप्रिलमध्ये सभा झाली. त्याच आठवड्यात परगावचे पाहुणे आपली यंत्रणा बघायला आले होते. मला कुणी अडवलं नाही, हे स्पष्ट सांगतो. भाषणातलं ते पान मीच काढून ठेवलं. नकाशा गुपचूप दुरुस्त केला आणि तिला एक छापील पत्र धाडलं. नोव्हेंबरात आस्टा गेली. अंत्यविधीला चर्चच्या दारात एक बाई दुसरीला म्हणाली, ‘बिचारी! पण घर मात्र शेवटपर्यंत लालच ठेवलं हो तिने.’ मी हाताच्या अंतरावर उभा होतो. ऐकलं, आणि टोपी घालून घरी गेलो.

त्याला दोन वर्षं झाली. आज तुमच्यासमोर सांगतो. मॉसेवाय चौदा नंबरचं घर कधीच लाल नव्हतं. त्या हिवाळ्यात आपल्या गावात सगळ्यांत कमी ऊब आस्टा राउनकिलेने घेतली. तिने मला तीनदा फोन केला, आणि मी तीनदा संगणकाच्या पडद्याकडे बघून उत्तर दिलं.

सिग्ने, उद्यापासून माझी खुर्ची तुझी. यंत्रणा उत्तम आहे, जप तिला. पण एखादं घर लाल दिसलं की पत्र लिहिण्याआधी सायकल काढ.

आपण सगळे आलात, इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर ते आपण पोटात घालालच. आस्टाची गोष्ट मात्र पोटात ठेवू नका. घरी जाल, तेव्हा आधी शेजाऱ्याला सांगा.