ओळखीच्याला विकायचं नाही

जय भीम. नमस्कार.

स्टुटगार्टमधले तर आलातच, रेगेन्सबर्गहूनही काही जण पहाटेची गाडी धरून आलात. तुमचे आभार मानते. घरच्या बाईनं आज शोकसभेत बोलू नये, असं मला दोघींनी सुचवलं. बोलणं अवघडच आहे. पण तासभर इथे बसून तुमचं ऐकणं त्याहून अवघड गेलं.

एकेक जण उठला आणि म्हणाला, 'रामटेके सरांनी आमच्या मुलांना धंदा करायला शिकवलं.' शिकवलं? अहो, शिकवू दिलंत का तुम्ही?

नवीन मंडळी आहेत, त्यांच्यासाठी सांगते. हे इंजिनिअर. नोकरी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत, पण जीव शनिवारच्या वर्गात. मंडळाच्या हॉलमध्ये आपली बारा-चौदा वर्षांची मुलं जमवायचे. माल मुलांनीच ठरवायचा, मुलांनीच बनवायचा, मुलांनीच विकायचा. मुलांनी आयांच्या जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या. शिलाई वाकडी, बंद एक लांब तर एक आखूड. ह्यांचा नियम एकच, ओळखीच्याला विकायचं नाही. म्हणायचे, 'ओळखीचा माणूस पिशवी घेत नाही, तुमचं मन राखतो.'

मग एका रविवारी मुलं फ्लोमार्क्टला, म्हणजे आपल्या इथल्या जुन्या बाजारात, टेबल लावून उभी राहिली. तासाभरात टेबल रिकामं! सगळी गिऱ्हाइकं जर्मन. सगळी अनोळखी. ह्यांनी छोट्या सईला विचारलं, 'का घेतल्या गं लोकांनी?' ती तोऱ्यात म्हणाली, 'वाइल झी गूट झिंट!' चांगल्या आहेत म्हणून! घरी येऊन हे जेवताना तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते.

सोमवारी ऑफिसात एका सहकाऱ्याच्या खुर्चीला तीच पिशवी अडकवलेली. तो बिचारा सरळ मनानं म्हणाला, 'हो, तुमच्या मंडळातल्या मित्रानं आम्हा सगळ्यांना जायला सांगितलं होतं. मुलांना बरं वाटावं म्हणून.'

तुम्ही आपापल्या ऑफिसातली, इमारतीतली माणसं पाठवली होतीत. एकानं नाही. सगळ्यांनी. आपलं पोर हरू नये, एवढंच ना? मग ते शिकणार कधी?

हे चिडले नाहीत. म्हणाले, 'मुलांना खरं सांगू या. पुन्हा शिवू, पुन्हा टेबल लावू.' आणि तुम्ही काय म्हणालात? 'सर, मुलांचं मन मोडेल.' 'सर, यंदा शाळेत, गिम्नाझियममध्ये, अभ्यास फार आहे.' पुढच्या शनिवारी एकही मूल आलं नाही. हे खुर्च्या मांडून बसले. त्याच्या पुढच्या शनिवारीही बसले. तिसऱ्या शनिवारी मीच हॉलची किल्ली परत देऊन आले. केसानं गळा कापलात तुम्ही ह्यांचा. तेव्हा बोलले नाही, आज बोलते. आणि आज तुम्हीच हार घेऊन आलात, म्हणून जास्त दुखतं.

पण माझंही ऐका. त्या सोमवारी ह्यांनी मला विचारलं, 'सुजाता, तुला ठाऊक होतं?' मी म्हणाले, 'नाही.'

हे म्हणाले, 'बरं झालं. निदान तू तरी.'

मला ठाऊक होतं. तुमच्यातल्याच एकीचा फोन आला होता, 'वहिनी, तुमच्या शेजारणीलाही पाठवा.' मी पाठवली. नंतर चार वर्षं रोज ठरवायचे, आज सांगेन. गेल्या मंगळवारी हे जिन्यातच कोसळले. सांगायचं राहिलं.

म्हणून ह्यांना जे सांगू दिलं नाही, ते मी सांगते. सई, मागे बसली आहेस ना? केवढी मोठी झालीस. सगळीच मुलं ऐका. तुमच्या पिशव्या लोकांनी आपणहून घेतल्या नव्हत्या. आम्ही घ्यायला लावल्या. त्या चांगल्या होत्या की नव्हत्या, हे आम्ही तुम्हाला कळूच दिलं नाही. सरांना मात्र खात्री होती, दुसऱ्या खेपेला तुम्ही खरोखर विकाल. ही खात्री त्या हॉलमध्ये त्यांच्या एकट्याची होती.

आता दोन मिनिटं शांतता पाळू. मुलांनो, तुम्ही बसून राहा. तुमची काही चूक नाही. उभं आम्ही मोठ्यांनी राहायचं.