सात फुटाचा आडोसा

तिथून न्हाई हो, इकडून धरा टेप — ह्या न्हाणीपासून पार त्या कढीपत्त्यापर्यंत. मधी बोटाएवढी बी फट नको. किती भरलं? बावीस फूट? भरू द्या. अन् उंची सात. पाच न्हाई, सात — गौरम्मा मुळात उंच, त्यात तिकडून दगडावर हुभी राहती. हसू नका दयानंदभाऊ. तुमी नर्सरीवाले, तुमाला झाडांचा शेजार. झाड काय इचारतं का, आज भाकरी किती केल्या म्हनून? ही इचारती. इकडं मी भाकर थापते, तिकडं ती आवाजावरून मोजती. अन् कानडी हेलात म्हनती, "येनव्वा पार्वती, आज दोनच?" आता माज्या घरात मी दोन करीन न्हाईतर बारा करीन, हिला काय करायचं हाय? पन न्हाई, इचारल्याबिगर हिला खाल्लेलं पचत न्हाई.

ही भिंत बगा की — कमरेएवढी. आमच्या मालकांनी बांधली, सव्वीस वर्षं झाली. म्या तवाच म्हनलं होतं, जरा उंच घ्या. तर म्हनले, ताट देता-घेता आलं पायजे. गेले बिचारे, अन् मला ठेवलं हिच्या तोंडाला. आता निलंग्यात बाकीच्या घरांच्या भिंती बगा, डोक्याच्या वर गेल्या, वर काचा बसवल्या लोकांनी. आमचीच ही आशी. ताटं बी गेली-आली हो, खोटं कशाला बोलू — तिकडून गव्हाची गोड हुग्गी यायची, इकडून धपाटे जायचे, माज्या बाळंतपनात तिनंच पंधरा दिस डबा दिला भिंतीवरून. पन म्हनून काय माझ्या दोरीवरचं एकूण एक कापड बगायचं का तिनं?

बरं, झाडाचं बोला. बांबू नको, साप येतेत. मेंदीचं कुंपन? मेंदी लावली तर गौरम्माच तोडून केसाला लावील, अन् वरून सांगील, रंग चांगला चढना म्हनून. हे कोनतं, मधुमालती? बरं हाय. वास बी येतो. किती दिसात चढंल वर? दीड वरीस? आहो, मला दोन दिसात पायजे. तसं करा मंग, आधी ती हिरवी नेट बांधा आन् तिच्यावर येल चढवा. येल सावकास येईना का, नेट उद्या पायजे. घाई कशाची? घाई कशाची म्हंजे — महालक्ष्म्या तोंडावर आल्या, घरात चार बायका येतील, परसात कामं आसतेत… आसती घाई मानसाला.

कोनती? ती दोरीवरची डाळिंबी साडी? सुनेची. ज्ञानेश्वरीची. मग, घरातच हाय की. पडली आसंल जरा. तुमी साड्या कशाला बगून राहिलेत, तुमी माप बगा. ऊन लागलं का? थांबा, पानी देते. ज्ञाने… ए ज्ञाने, भाऊला तांब्याभर पानी आन ग. आन बरं लवकर. — बसा तुमी, मीच आनते.

घ्या. गार हाय, माठातलं हाय. काय बगता आसं? आली न्हाई म्हनून? जरा हळू बोला. तुमी कुठं बोलून राहिलेत म्हना, मीच हळू बोलते. ती घरात न्हाई. पंचमीला देगलूरला गेली माहेराला, चार दिसासाठी म्हनून. परवा पोळा झाला. आता महालक्ष्म्या पाच-सहा दिसांवर, अन् सून घरात न्हाई. आमच्यात मुखवटे सुनेच्या हातानं आत येतेत — मागच्या साली तिनंच आनले, कुंकवाचे पाय उमटवत. ह्या साली मी कुनाच्या हातात देऊ? हळदी-कुंकवाला आलेल्या बायका पयलं काय इचारतील, सांगा. सून कुठाय. अन् गल्लीत एकदा झालं ना, 'पार्वतीबाईची सून नांदंना', मंग ती यायची आसली तरी येनार न्हाई. तिला बी लाज वाटंल. मला तेच भ्याव हाय.

आता तुमाला वाटंल, मग ह्या साड्या कुनाच्या. तिच्याच. जाताना तीन ठेवून गेली — निळी, पोपटी अन् एक ठिपक्यांची. मी रोज एक भिजवते, पिळते, दोरीवर टाकते. गौरम्माला दिसायला. हसा, हसा. मला बी हसू येतं कधी कधी, पिळता पिळता. पन तीन साड्यांची सून किती दिस चालवायची हो? महिना होत आला. परवा गौरम्मा म्हनली, निळीचा रंग लई उतरला की ग, रोज धुती का काय. म्हनून काल पेटीतली नवी काढली — ही डाळिंबी. महालक्ष्म्याला तिला नेसवायची म्हनून उदगीरहून आनली होती. आज उजाडता भिजवली अन् टाकली दोरीवर. लगेच गौरम्मानं भिंतीवरून हात लांबवला, काठ चाचपला, अन् म्हनली, "पार्वती, हिला फॉल न्हाई की. सून बिनफॉलचीच नेसती का?" आता काय सांगावं? म्या म्हनलं, हाव, आजकालच्या पोरी नेसतेत तशाच. तिनं नुस्तं बगितलं माज्याकडं अन् आत गेली. मला दम निघाला न्हाई. तसाच तुमाला फोन लावला.

भांडन? न्हाई हो. भांडली आसती तर बरं झालं आसतं, चार शब्द तिचे चार माझे, झालं. ती भांडनारी न्हाईच. माझा अंगद लातूरला कारखान्यात, शनिवारी येतो, रविवारी जातो. मंग घरात आमी दोघी. त्या जांबाच्या झाडाखाली ती स्टूल टाकायची, चार वाजता, अन् आईला फोन लावायची. अन् मला नेमकी तवाच कोथिंबीर आठवायची. हा काय तिथंच वाफा हाय. आता चहाच्या टायमाला कोथिंबीर कशाला लागती, तुमी इचारू नका. मी काय ऐकायला जायची का? …जायची. थोडं थोडं. एकुलत्या एक पोराची बायको, आईला काय सांगती, माझं काय सांगती — वाटतं मानसाला. तिनं माझं काई सांगितलं न्हाई कधी. भाजीचं बोलायची. भावाच्या परीक्षेचं बोलायची. मी वाफ्यात वाकले की बोलनं बंद, "ठेवते ग आई." तिनं खोलीला पडदा लावला, मी वारं यावं म्हनून रोज वर खोचून ठेवायची. मंग तिनं आतून कडी लावली. तर म्या अंगदला सांगून कडी काढायला लावली. म्हनलं, घरात दोघीच, कुनापासून लपायचं हाय ग तुला?

मंग पंचमीला निघाली, पाया पडली, अन् उंबऱ्यात म्हनली, "आत्याबाई, मला परसात एक आडोसा पायजे होता. तेवढाच." मला वाटलं, पोरीचं मन हाय, चार दिसात इसरंल. म्या हसून सोडून दिलं. आता फोन लावते तर म्हनती, "बगते, येते." अंगद म्हनतो, तुमचं तुमी बगा. अन् मी काय बगते? साड्या वाळत घालून राहिले. आज गौरम्मानं एक काठ चाचपला तर मला बावीस फूट नेट लागली. त्या पोरीचा तर दीड वरीस पदर धरून हिंडले मी. माझंच चुकलं दयानंदभाऊ. कुनाला बोलले न्हाई आजवर, तुमाला का बोलले काय की.

थांबा. आली बगा. ती पायजेच. — काय ग गौरम्मा? न्हाई, कुनी न्हाई, नर्सरीवाले हायेत, झाडं दाखवायला आले. काय देऊ? साडी? कोनती साडी? …ती कशाला तुला? फॉल? कवा आनला? आत्ताच बाजारात जाऊन? …मॅचिंग हाय की अगदी. पन तुला… तुला म्हाईत होतं? कवापासून? पंचमीच्या दुसऱ्या दिसापासून — भाकरी चारच्या दोन झाल्या म्हनून? अन् मंग एवढे दिस गल्लीत कुनाला बोलली न्हाई? तू? तुज्या पोटात शेंगदाना राहत न्हाई ग. …हाव. हाव, ऐकलं. सांज्यापर्यंत लावून देती म्हन. उद्या नेऊन दे म्हनती सुनेला. मीच जाऊ? बरं. घे. काठ तेवढा जपून, अजून वलाच हाय.

…काय न्हाई, डोळ्यात गेलं कायतरी. टेप गुंडाळू नका. ते बावीस फूट खोडा वहीतून. खोडा म्हनते ना — ती भिंत हाय तशीच राहू द्या. इकडं या, ह्या जांबाखाली. इथं घ्या माप. एक खुर्ची अन् एक मानूस बसंल एवढं, तिन्ही बाजूनी नेट, वर तुमची ती मधुमालती. उंची सातच. मी काय कमी न्हाई, मी बी दगडावर चढीन. दार माज्या सैपाकघराकडून नको, तिच्या खोलीकडून ठेवा. अन् कडी लावा, आतून. खोलीची बी कडी तेवढी बसवून द्या, पेटीत हाय, देते काढून. अन् आजून एक — हा कोथिंबिरीचा वाफा उपटा. समदा. तिकडं लावा, गौरम्माच्या भिंतीला, लांब.

उद्या सकाळच्या एसटीनं मी देगलूरला जाते. तिथं गेल्यावर 'करू' म्हनायचं न्हाई मला, 'केलंय' म्हनायचं हाय, म्हनून आजच्या आज बांधा. झालं ना माप? मंग जावा, नेट घेऊन या. जावा की आता. अन् आसं तोंडाकडं बगू नका माझ्या, तिकडं बगत जावा.