चादरीला किती रेघा?

अगं, कुणाचा अबोला कसा सुटेल सांगता येत नाही. आमचा इथं बंगळुरात, जे. पी. नगरच्या गच्चीवर सुटला. वाळलेली चादर काढताना एक टोक माझ्याकडे, एक ह्यांच्याकडे. वाऱ्यानं ती अशी फुगली, की पलीकडचे हे दिसेचनात. नुसतं पांढरं आभाळ हलत होतं.

आमच्या मीराचा शाळेत सिमेट्रीच्या रेघांचा धडा चालू होता. म्हणाली, "चादर रेक्टँगल आहे ना? मग तिरकी दुमडा, दोन्ही बाजू बरोब्बर बसतील."

मुकाट्यानं तिरकी दुमडली. कोपऱ्यावर कोपरा काही येईना.

"अय्यो, तिरकी रेघ चुकली! मधोमध दुमडा. आई, बाबा, स्वल्प, थोडं जवळ या ना!"

आलो. कोपरे जुळले, बोटांना बोटं लागली.

"ही एक रेघ. आता दुसऱ्या बाजूनं मधोमध, ती दुसरी. रेक्टँगलला दोनच असतात. संपलं!"

दुसरी घडी झाली, तरी ह्यांनी बोटं सोडली नाहीत. चार दिवसांनी पहिल्यांदा बोलले, अगदी हळू, "दोरीवर अजून एक चादर आहे."