पिकअपमधली चैत्रगौर

— नाही ना बसत विश्वास? नकोच ठेवूस. माझ्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव शशी, हिंमत असेल तर — झाशीच्या ह्या प्रेमनगरात आजवर कुणाला जमलेलं नाही, आमच्या घरातल्यांना तर नाहीच. पण खरं सांगते, तुझी ती निळी पिकअप हळदीकुंकवात नापास झाली. हस, हस. दात चांगले आहेत तुझे, बापावर गेलेत. आणि बोल की हिंदीत, लाजतोस काय — तुला माझं मराठी कळतं, मला तुझं हिंदी कळतं, बस हो गया. मात्र तिकडे नको, इकडे तोंड करून बस. भिंतीकडे. तिकडून ऊन येतं. हे घे पन्हं, आणि ही आंब्याची डाळ. चैत्रात माझ्या दारात आलेला माणूस डाळ खाल्ल्याशिवाय जात नाही, मग तो सीपरी बाजारातला जुन्या गाड्या विकणारा का असेना.

मागे काय आवाज? काही नाही. बाया आहेत. गौरीचं हळदीकुंकू आहे आज, बाया येणार, बांगड्या वाजणार, तू काय बायांकडे बघायला आलायस का? निळीचं काय ठरलं ते विचारायला आलास ना? मग तेच ऐक. आमच्या ह्यांनी परसात ते घर बांधलंय, तू पाहिलंस — तूच म्हणालास, काकू, यह क्या नाव बना रहे हैं काका? नाव नाही रे, घर आहे, चाकांवरचं. जन्मभर वॅगन वर्कशॉपमध्ये फिटर, पेन्शनीत गेले तरी हात काय गप्प बसतात? माणसं म्हातारपणी माळ ओढतात, ह्यांनी रंधा ओढला. आत दोन बाजा, एक चूल, एक फडताळ, खिडकीला माझ्या जुन्या लुगड्याचा पडदा. पण चाकं सगळी मागे — पुढे एकही नाही! पुढे नुसती मान काढलीय, हंसासारखी. ती मान गाडीच्या पाठीवर टेकायची, नेमकी मागच्या चाकांच्या डोक्यावर, खुंटीत. रेल्वेचा डबा कसा बोगीवर, म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्यावर बसतो, आणि खालची बोगी वळली तरी वरचा डबा कुरकुरत नाही — तसं. म्हणजे गाडीने घर नुसतं ओढायचं नाही, अर्धं पाठीवर घ्यायचं. सासुरवाशिणीसारखं.

आणि तू मला काय दाखवलंस? इंजिन! काकू, आवाज़ सुनिए! अरे, आवाज तर माझ्या नणंदेचाही मोठा होता, पाण्याची घागर कधी उचलली नाही तिने. हे म्हणाले, मान जी दाबणार ती गव्हाची आठ पोती ठेवल्यासारखी दाबणार, तेवढी पोती ठेवून बघू गाडीची पाठ किती बसते. मी म्हटलं, पोती कोण चढवणार आणि कोण उतरवणार? तुमची कंबर का माझी? बाया बोलवा. बाया आपल्या आपण चढतात, आपल्या आपण उतरतात, आणि वर डाळीला नावं ठेवतात. तू गेल्या आठवड्यात निळी बघायला म्हणून सोडून गेलास ना? त्याच संध्याकाळी मी मागच्या हौद्यात सतरंजी घातली, बरोबर चाकांच्या वर गौर मांडली, आणि अख्ख्या रेल्वे कॉलनीला बोलावणं — गौर यंदा रथात बसलीय, या दर्शनाला! गौर मध्ये, म्हणजे बाया गौरीला धरून बसणार, म्हणजे वजन कुठे? खुंटीच्या जागी. कळलं? तेरा बाया. त्यात गार्डबाबूंची प्रेमला, तिला मी दीड पोतं धरते — तिला सांगू नकोस हां, ती मला आपली मैत्रीण समजते.

काय झालं म्हणून काय विचारतोस? बाया बसल्या आणि तुझी निळी मागून अशी दबली, अशी दबली, की तोंड वर! समोरचे दोन्ही दिवे कडुनिंबावरच्या कावळ्याकडे. हे जाऊन स्टेअरिंगला बसले, फिरवलं, तर म्हणतात कसे, अगं, कढीत पळी फिरावी तसं फिरतंय, पुढच्या चाकांचा जमिनीशी संबंधच राहिला नाही. आणि अशा गाडीने घाट उतरायचा? प्रेमला वरून विचारतेय, कमळाबाई, रथ हलला का हो? म्हटलं, गौर प्रसन्न झाली, हात जोडा. जोडले सगळ्यांनी.

— ठण्ण? कसला ठण्ण? देवळाची घंटा असेल. मान वळवू नकोस, लचक भरते. डाळ घे अजून.

मग छावणीतल्या ठेकेदाराची गाडी आणली. पाठ दगडासारखी, तेरा बाया बसल्या तरी ढिम्म. मी तर म्हटलं, झालं, हीच. पण ह्यांनी बांबू काढला, आमच्या घराच्या मानेएवढा लांब, खुंटीच्या जागी टेकवून फिरवायला लागले — वळणावर घराचा कोपरा कुठवर येतो बघू — तर खट्ट! केबिनची मागची काच. पाठ आखूड होती तिची. सरळ रस्त्याला ठीक, पण वळणावर आमचं घर ड्रायव्हरच्या मानगुटीत शिरलं असतं. ठेकेदाराला काय सांगितलं? सांगितलं, माकड आलं होतं. झाशीत माकडावर कुणी संशय घेत नाही.

आणि ब्रेक. ब्रेक कसा बघितला ते सांगू? नको सांगू? बरं, सांगतेच. गेल्या आठवड्यात तू निळी घेऊन गल्लीत शिरलास तेव्हा एक भोपळा घरंगळत आला, आठवतो? त्याचा पार चेंदा केलास. दोन दिवस भाजी खाल्ली आम्ही, खडे वेचून वेचून. आणि आज मघाशी? आज पण आला ना भोपळा? आज तू कशात आलास? तुझ्या बापाच्या त्या खटाऱ्यात, मिलिटरीच्या लिलावातल्या. मागे टायरं भरलेली, गच्च. — मीच मागवली होती ना टायरं, कुंड्या करायला म्हणून? मला काय करायच्यात कुंड्या! मोकळ्या गाडीचा ब्रेक काय बघायचा, भरल्या गाडीचा बघायचा. तर त्या खटाऱ्याने काय केलं? थांबला. भोपळ्याला नाक लावून थांबला. तो बघ कोपऱ्यात, साबूत आहे, तुला जाताना देते.

बस रे, बस! उठतोस कुठे? बरं, कळलं तर कळलं. हो, त्या बाया तुझ्याच गाडीत बसल्यात. टायरं ह्यांनी उतरवून भिंतीशी लावलीत, एकही हरवलेलं नाही. आणि तो ठण्ण म्हणजे घंटा नाही, हे आहेत — तुझ्या गाडीखाली आडवे, हातात हातोडी. स्प्रिंगच्या पाट्यांवर वाजवून बघतायत, रेल्वेची चाकं वाजवतात ना, तसं. ठण्ण वाजलं तर पाटा निरोगी, भद्द वाजलं तर भेग. आणि एका काठीवर खडूने खूण, बाया बसायच्या आधी पाठ कुठे, नंतर कुठे. बघ आता, वळून बघ! चार बोटं. फक्त चार बोटं दबलीय, आणि नाक? नाक जमिनीवर. तुझ्या बापासारखी — वर ओझं पडलं तरी खाली मान घालून चालणारी.

ठाऊक आहे मला, विकायची नाही ती. तुझ्या बापाची, नानासाहेबांची गाडी तू विकणार नाहीस, त्यांच्या टोपीसारखी जपतोस, आणि विकलीस तर मीच तुझे कान उपटीन. विकत कोण मागतंय? मी सांगते काय हवंय ते. आमची लीला शिरपूरला दिलीय, सेंधव्याचा घाट उतरून खाली. दिवस गेलेत तिला, सहावा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत, तुझ्या आईला विचार. पण डॉक्टरीणबाई म्हणते, पोरीला हलवायचं नाही, पलंगावरून खाली पाय नाही. गेल्या वेळी — आली होती ना निघून आमच्याबरोबर, झाशीला यायला, इटारसीला गाडीतून उतरवावं लागलं तिला. हे स्टेशनमास्तरच्या खोलीबाहेर बाकावर, मी आत. पोरगी तेवढी वाचली, सासरी परत गेली; आम्ही परत आलो तेव्हा दोघंच होतो. — पन्हं कसं झालंय? वेलदोडा जास्त पडलाय का? तरी प्रेमला म्हणतच होती.

तर माहेरी लेक येऊ शकत नाही ना? नको येऊ दे. मी माहेरच नेते तिच्या दारात! तिच्या सासूला सांगितलंय, तुमच्या अंगणातली चार हात जागा द्या, तिथे आमचं घर उभं राहील. पोरीला अंगण ओलांडायचंय फक्त, आणि ती माहेरी आली. चूल माझी, शेक-शेगडी माझी, डिंकाचे लाडू माझे. सासू म्हणाली, असं कुठे कुणी ऐकलंय का? म्हटलं, विहीणबाई, ऐकलं नसेल तर आता डोळ्यांनीच बघा. म्हणून हे दोन महिने झोपले नाहीत नीट, आणि म्हणून मी एवढ्या बायांना चैत्रभर डाळ खाऊ घालतेय. त्या म्हणतात, कमळाबाई, गौर आहे का निवडणूक, रोज काय बोलावणं!

आणि चालवणार कोण? तू. दुसरा कोण? घाटात गाडी ओढायची नसते रे, धरून ठेवायची असते, आणि त्या गाडीचा ब्रेक तुझ्याएवढा कुणाला ओळखीचा आहे? असा बघू नकोस माझ्याकडे. तुझ्या मनगटावर पाच वर्षं राखी कुणी बांधली, तुला बहीण नाही म्हणून शाळेत रडायचास तेव्हा? लीलाने. मग बहिणीला माहेरपणाला आणायला मुराळी कोण जातो? भाऊ जातो. फरक एवढाच की मुराळी बहिणीला घेऊन येतो, तू माहेर घेऊन जायचंस. आणि जाताना हळू, मी मागे बसणार आहे, फडताळातली लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन.

काय? अक्षय्य तृतीयेला? आत्ता म्हणालास — काय म्हणालास? "निघू या काकू"? अगं बाई! मराठीत म्हणालास! प्रेमला, ए प्रेमला, ऐकलंस का, हा मराठी बोलला! अहो, बाहेर या गाडीखालून, मिळाला मुराळी! — नको, नको, पाया नको पडूस, मला असलं काही आवडत नाही. डोळ्यात काही नाही माझ्या, कैरी चिरली होती सकाळी, तिचं पाणी उडालंय. घे तो भोपळा. टायरं भर. तेरा बायांना हात धरून खाली उतरव, प्रेमलेला शेवटी, नाहीतर गाडी उसळेल. आणि जा आता. जा म्हटलं ना, जा!