फुलीचा तुकडा

नाही नाही ताई, असं नका कापू — कात्री खाली ठेवा आधी. दीड मीटर कापड घेतलंत, आता दोन मिनिटं ज्ञानही घ्या, फुकट आहे. टेप नको, टेप ताणतो. ही लोखंडी पट्टी धरा. कापड घरी धुऊन, इस्त्री करून मगच कापायचं, नाहीतर गोधडी पहिल्याच धुण्यात आक्रसते. आत्ता या चिंधीवर शिका. पाच इंचाचा चौकोन हवाय ना? मग साडेपाच कापा, चारी बाजूंनी पाव पाव इंच शिलाई खाते. झाला पहिला? दुसरा कशावरून कापाल? — पहिल्यावरून, बरोबर. आणि तिसरा? — दुसऱ्यावरून? इथेच फसलात! दुसरा पहिल्यापेक्षा एक धागा मोठा, तिसरा दुसऱ्यापेक्षा एक धागा, चाळिसावा बघाल तर अर्धा इंच फुगलेला. म्हणून पहिल्यावर खडूची फुली मारायची आणि सगळे त्याच्यावरूनच कापायचे. शेवटच्यावरून कधीही नाही.

माझी अक्कल नाही हो ही. मी चौथी नापास. एकदा एका बाईंना पडद्याचं कापड आखूड दिलं आणि वर सांगितलं, बाई, तुमची खिडकीच वाकडी — पटलं त्यांना! हसताय काय, अजून येतात त्या. ही फुली आमच्या हिची. मागच्या खोलीत झोपलीय ना, तीच. अर्धी गल्ली तिच्या हाताखाली शिकली, मीसुद्धा —

अहं, त्या गठ्ठ्याला हात नका लावू. विकायचा नाही तो. लेक बाळंत होणार पुढच्या महिन्यात, त्या बाळाच्या गोधडीचे तुकडे आहेत, हिने आज सकाळी कापलेले. बरं, लावा, बघाच आता. खाली बारीक, वर पसरट — आहे ना? फुलीचा तुकडा मांडीवर असतो आणि ही कापते शेवटच्यावरून. स्वतःच शिकवलेलं विसरली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढत जाणार. मी म्हटलं, साहेब, कापडवाला माणूस मी, किती ते मापात सांगा की. ते नुसते हसले.

मग मी काय करतो — दुपारी तिचा डोळा लागला की तुकडे इथे आणतो, फुलीवर ठेवून सारखे करतो, जागच्या जागी नेऊन ठेवतो. आठ दिवस निभावलं. पण तिचं बोट, ताई! परवा एक कड चाचपली आणि म्हणाली, ही माझी कात्री नव्हे, कोणी हात लावला? आणि बघितलं कुणाकडे, तर सुनेकडे. सुनेने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं, तिने पाहिलंय मला कापताना. आणि मी — मी ही पट्टी पुसत बसलो. पुसत काय बसलो, काही लागलेलं नव्हतं पट्टीला. शेवटी सूनच म्हणाली, चुकलं आई, मीच कापले.

आता ही तिच्या हातचं पाणी घेत नाही. ताट आल्या पावली परत. सून म्हणते, बाबा, तुम्ही बोलणार नसाल तर मी काही दिवस माहेरी जाते. काय बोलू? खरं सांगायचं म्हणजे हेच ना, की बाई, तुझ्या हाताला आता सरळ कापता येत नाही? तोंडापर्यंत येतं आणि — तुम्ही परक्या, तुम्ही आत जाऊन सहज म्हणालात, काकू, फुलीवरूनच कापायचं ना? — तर? नको. नको, विसरा. मी तरी काय केलंय — कड ओळखू येऊ नये म्हणून आज तिचीच कात्री उचलून आणलीय. हो, हीच. मघाशी तुमच्या हातात होती ती.

उठली वाटतं. — अगं, कोणी नाही, गिऱ्हाईक आहे! — काय? कात्री? उशाशीच असेल, नीट बघ! — नाही? मग — मग सूनबाईने नेली असेल, तिला विचार!

असं बघू नका माझ्याकडे. घ्या तुमचं कापड. दुकान बंद करायचंय मला.