पंचवीस वर्षांची धून

हॅलो?… हॅलो, कोण? साधनाताई?… हो, हो, ऐकू येते, बोल.… अवं, शीलाताई इथंच हाय, माझ्याच घरी. बहिणीचं घर सोडून दुसरं कुठं जाईन?… रडून नाही राह्यली. सैपाकघरात भेंडी चिरून राह्यली.

काय?… "भरल्या कार्यक्रमातून उठून गेली"? असं सांगतलं का तुले सुनीलभाऊजीनं?… वा! अवं ऐक ना. तू तापानं पडलती, तिकडं तुझ्या गावी, बोरी अरबले बसून एकाच बाजूचं ऐकलं. मी तिथं होती.

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस नावाले. भाऊजीचा सत्कारच म्हण. हॉलच्या दारावरचं बॅनर पाहाले पाह्यजे होतं तू… भाऊजीचं डोकं टरबुजाएवढं, अन् शीलाताई कोपऱ्यात लिंबाएवढी. वरतून साहेबाचा फोटो.… कोणते साहेब काय, भाऊजीच्या पक्षातले. याईच्या लग्नाशी साहेबाचा काय संबंध, ते भाऊजीलेच विचार.

हो, तेच सांगून राह्यली.… पेटी नाही ताई, पियानो! शिकवते ना ती शाळेत? तिथं हाय. शाळा सुटली का रोज तासभर बसे. वर्षभर बसून स्वतः रचलं तिनं. गाणं नाही, शब्द नाही, नुसतं वाजवाचं. आठ मिनिटाचं.… हो, या दिवसासाठीच. भाऊजीसाठी!… मीही तेच म्हणलं, कोणाच्या नावानं जीव आटवून राह्यली बाप्पा!

ऐक तर. सुरुवातीले नुसती लगबग, दारात वऱ्हाड आल्यावानी. दोन्ही हात पळतात. मंग मधात एकदम हळू. तो भाग म्हणे त्या दोघाईचा… एका खोलीत राहत, भाऊजी तिले सायकलवर डबलसीट कॉलेजात सोडून देत, ते दिवस. मंग पुन्हा लगबग.… हो, होते तसे भाऊजी. मी कुठं नाही म्हणलं? तवा होते.

तर भाऊजी माईकवर पाऊण तास बोलले. मी असा घडलो, मी तसा घडलो. सगळं त्याईनंच घडवलं, बायको जशी वाटेत सापडली! अन् मंग म्हणतात, "आता आमची मिसेस थोडं पेटीवर वाजवून दाखवीन." पेटी! अन् तितक्यात केटरिंगवाल्याले हात केला, जेवण सुरू करा म्हणून.

लोकं ताटाकडं धावले. हिनं तरी वाजवलं. नागपूरवरून भाड्याचा इलेक्ट्रिक पियानो आणला होता, तोही हिनंच. हळूवाला भाग सुरू झाला, अन् बाहेर साहेबाची गाडी आली. भाऊजी ओरडले, "पुरे, पुरे! साहेब आले!" डीजेले इशारा केला, गाणं लाव म्हणून… हो ताई, तिचे हात पट्ट्याईवर होते तवाच! तिच्या समोरचा माईकही उचलून नेला, साहेबासाठी.

ती उठली. केक नाही, हार नाही. नव्या साडीत तशीच स्कुटीवर बसली. मी मागून.… शाळेत गेली! रविवार, सगळं बंद. सफाईवाल्या धनीबाईनं हॉल उघडून देला. पहिल्यापासून वाजवलं तिनं, पूर्ण. धनीबाई झाडू धरून उभी. संपल्यावर विचारते, "बाई, कोणाचं लगन हाय व याच्यात?"

शीलाताई म्हणे, "माझं होतं."

…हॅलो? ताई?… कोण खोकललं?… तुझे मालक तर या टायमाले वावरात असतात.… ताई, फोन स्पीकरवर हाय का?… सुनीलभाऊजी बसले हाय तिथं?… मंग एवढा वेळ मुके काहून होते?

नमस्कार भाऊजी. ऐकलं ना सगळं?… हो, टरबूजही मीच म्हणलं.… "चार लोकात नाक कापलं"? नाक तुमचं बरं हाय, सकाळीच बसस्टँडवर पाह्यलं, तिथल्या बॅनरवर.… नाही, ती फोनवर नाही येत.… घरी कवा येते? थांबा, विचारते.

शीलाताई!… हं… हं… बरं.

ऐका भाऊजी. शुक्रवारी चार वाजता शाळेत लेकराईसमोर वाजवणार हाय ती. पूर्ण. तुम्ही यायचं, मागच्या बाकावर बसायचं, फोन बंद. आठ मिनिटं ऐकाचं. मंग ती तुमच्याशी बोलीन. माफीबिफी काही नको म्हणते.… हो, एवढंच.

काय?… शुक्रवारी काय हाय?… साहेबाचा दौरा?… भाऊजी, आठ मिनिटं!… ताई, तू मधात नको बोलू.… "शनिवारी ठेव म्हणा"?… हेच सांगू तिले? अस्संच?… बरं.

शीलाताई, भाऊजीले शुक्रवारी दौरा हाय म्हणे. शनिवारी ठेव म्हणतात.…

हॅलो. सांगतलं.… नाही, चिडली नाही. हात पुसले, कमरेचा किल्ल्याईचा जुडगा काढला अन् माझ्या हाती देला. तुमच्या घरचा.… नाही भाऊजी, आता शुक्रवार जमवला तरी नाही.… दौऱ्याले जाताना माझ्या दारावरूनच जा, खिडकीत ठेवून राह्यली किल्ल्या. बेल नका वाजवू.

ठेवते.