जांभळीवरचं टोक

जिजा : ...आन् ही गोधडी मी आता कुठं वाळत घालू? डोक्यावर? अंगण चव्वेचाळीस फूट. त्यात तुमच्या रेडिओची तार, तिचे ताण, त्या ताणांच्या खुंट्या. माझ्या वाटणीला उरलाय न्हाणीतला दगड.

लडकू : दोन दिवस फक्त. स्पर्धा संपली की रविवारी तुझी दोरी परत बांधून देतो.

जिजा : सरकारचं लायसन घेऊन परक्या मानसांना रेडिओवरनं टकटक करून हाका मारायच्या, आन् दोन दिवसांत कोन जास्त लोकांना गाठतो त्याची शर्यत! कर्जतात दुसरा कोन करतो का हे?

लडकू : तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? हल्ली सगळेच पुटपुटतात. गजा, इकडे बघ. तार सहासष्ट फूट हवी, अंगण चव्वेचाळीस. म्हणून मी दोन्ही टोकं खाली मुडपली, आणि तिथंच घात झाला. विहिरीकडचं टोक राहू दे. हे टोक सरळ शेजारच्या मोतीबाईच्या जांभळीवर न्यायचं. पार शेंड्याला.

गजा : जांभळीवर मी नाय चढनार, मास्तर.

लडकू : काय?

गजा : नाय चढनार! जांभळीची फांदी कधी मोडंल सांगता येत नाय. साजगावच्या कारखान्यात चाळीस फुटांवर दिवे लावतो मी, पन लोखंडाच्या खांबावर.

लडकू : मग मी चढतो. तू शिडी धर.

गजा : सहासष्ट पुरी झाली तुमाला!

लडकू : तारेइतकीच. ऐक, उद्या पहाटे साडेपाचला सुरुवात. जगभरचे हौशी लोक हाका मारत असणार. गेल्या वर्षी दोन दिवसांत मला मिळाले चार जण. चार! पूर्वी दीडशेच्या खाली कधी आलो नाही. सेट तोच, मीही तोच. मग दोष कुणाचा? तारेचाच. थांब, मागनं सुंभाचा दोर आणतो.

(लडकू मास्तर घरामागे जातात.)

जिजा : गजा, त्यांना आवर रं बाबा. पडले तर हाडं गोळा करावी लागतील.

गजा : हळू काकी. ऐकतील.

जिजा : ऐकू देत की. तेवढंच तर मागते मी देवाकडं.

गजा : ...ते मदुराईचं कार्ड दे त्यांना. सुंदरमचं.

जिजा : शिवरात्रीपासनं पोह्यांच्या डब्यात हाय. तूच तर वाचून दावलंस. ‘तुमची हाक खनखनीत येत होती, मी नऊ वेळा उत्तर दिलं, पन तुमी आपले हाकच मारत बसलात. माझ्यावर रागावलात का?’ कशाला रागावतील रं? त्या सुंदरमला रेडिओवर भेटायला म्हनून तर पहाटे उठून बसतात. तीस वरसांत यांच्या टपालाला हात नव्हता लावला मी.

गजा : कार्ड वाचलं की चढायचे नाय. तार चांगली हाय, ते कळंल.

जिजा : आन् मग चांगलं काय नाय, ते पन कळंल. ठेसनात तारमास्तर होते तवा घाटात गाडी रेटनारी बँकर इंजिनं शिट्ट्या फुंकत उभी असायची. आन् त्या गोंगाटातनं तारेची टकटक ऐकून हे हातातला चहा ठेवून उठायचे, ‘पळसदरी बोलवतेय’ म्हनत. त्या मानसाला मी कुठल्या तोंडानं सांगू?

गजा : काकी, ते बघ, शिडी लावली! मास्तर, थांबा! दुसऱ्या पायरीवरच थांबा! काकी, डबा आन आधी!

जिजा : आनते, आनते. ओ, उतरा! हे वाचा! माझी शप्पत हाय, उतरा!

लडकू : काय आहे? ...सुंदरम? हे मार्चमधलं कार्ड. आणि मला आज देतेस?

जिजा : आज देते.

लडकू : नऊ वेळा... म्हणजे माझी हाक मदुराईला पोचत होती.

गजा : खनखनीत, मास्तर.

लडकू : म्हणजे तार नाही. पाठवतो ते बरोबर जातंय, घेताना मार खातोय. सेटमधला व्हॉल्व्ह बसला असणार. चल आत, बदलून टाकू.

गजा : व्हॉल्व्ह बरे हायत.

लडकू : तुला काय कळतं त्यातलं?

गजा : मगाशी जोडनी बघताना हेडफोन लावला होता मी.

लडकू : मग? नुसती खरखर ना?

गजा : मास्तर, मी निघतो. मोतीबाईची शिडी द्यायचीय.

लडकू : उभा राहा! ...बरं, राहू दे. जिजा, तू ये. बस या खुर्चीवर. हा लाव कानाला. मी बटण फिरवतो, तू सांग. इथं काही आहे?

जिजा : हाय.

लडकू : खरखर?

जिजा : नाय. एक बारीक वाजतंय, टिटवीगत. त्याच्याखाली एक जाडं, दमानं चाललंय.

लडकू : इथं? याच आकड्यावर? मी सकाळी तासभर इथंच होतो.

जिजा : म्हायत हाय. तुमी आवाज पार शेवटाला फिरवता ना, मग चुलीपाशी पन येतो मला. भाकऱ्या थापता थापता ऐकते मी. कोनीतरी बोलवत असतं, आन् तुमी नुसते बसलेले असता.

लडकू : गजा, तुलाही ऐकू आलं?

गजा : ...हो, मास्तर.

लडकू : म्हणजे तार चांगली. सेट चांगला.

जिजा : सेट चांगला हाय.

लडकू : खाली बघून नको. माझ्याकडे बघ, आणि मला कळेल असं बोल.

जिजा : कान गेलेत तुमचे. दोन दिवाळ्या झाल्या आता.